नवीन पीसी घेण्याआधी स्टार्टअपची यादी एकदा बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून मला एकच प्रश्न सारखा विचारला जातोय: "पीसी खूप स्लो झालाय, आता नवीनच घ्यावा लागेल का?" माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय.

पहिली गोष्ट म्हणजे स्पीड. सपोर्ट संपला म्हणून पीसी स्लो होत नाही, फक्त सिक्युरिटी अपडेट्स थांबतात. स्लो होण्याचं एक मोठं कारण म्हणजे पीसी चालू होताच आपोआप उघडणारे प्रोग्राम. चॅटिंग, गेम, प्रिंटर, म्युझिक... प्रत्येकाला सगळ्यात आधी उघडायचं असतं. ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर या गर्दीत मशीन गुदमरणारच.

उपाय फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'स्टार्टअप' टॅबवर जा. 'स्टार्टअप इम्पॅक्ट'मध्ये 'हाय' दिसलं, तर तो प्रोग्राम चालू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ खातो किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन करतो. नको असेल तर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्राम डिलीट होत नाही, पाहिजे तेव्हा उघडता येतो. मात्र अँटिव्हायरस, साउंड आणि टचपॅडला हात लावू नका. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर तेही राहू द्या. वनड्राइव्ह बंद केलंत तर ते पुन्हा उघडेपर्यंत फाइल्स सिंक होणार नाहीत, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती या उपायाने सुटत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी पीसी बाहेर राहिले. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची सोय ठेवली आहे. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन नोंदणी करता येते. पुढे लिनक्सचाही पर्याय आहेच.

म्हणून माझा सल्ला असा: आधी स्टार्टअप साफ करा, मग अपडेट्सची नोंदणी करा. एवढं करूनही तुमचं काम अडत असेल, तरच खिशात हात घाला. निव्वळ 'स्लो झालाय' म्हणून हजारो रुपये घालवू नका.