मुके पोर्ट आणि उलटा ठिपका

जुन्या संगणकाचे सिरियल पोर्ट बोलेनासे झाले की हल्ली एकच सल्ला मिळतो : कार्ड काढा, नवे बसवा. मला तो मान्य नाही. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीचेच उदाहरण घ्या.

त्या पीसीच्या सिरियल कार्डावर ८२५० नावाची चिप असते. ती प्रत्येक अक्षराचे बिट सुटे करून एकाच तारेवर एकामागून एक धाडते. आधी ‘स्टार्ट’ बिट, शेवटी ‘स्टॉप’. ही रीत टेलिप्रिंटरची. त्याच्या फिरत्या भागांना अक्षरागणिक सुटण्याची आणि थांबण्याची खूण लागे. टेलिटाइप मॉडेल ३३ ला तर थांबायला दोन बिटांचा अवधी हवा असे. म्हणून ११० बॉडच्या वेगातही सेकंदाला अक्षरे उमटत अवघी दहा.

हा वारसा कार्डावर डोळ्यांनी पाहता येतो. तिथे एक लहानसा शंट बसवलेला असतो. त्याचा ठिपका वर असेल तर कार्ड आरएस-२३२ च्या व्होल्टेजवर चालते; खाली असेल तर टेलिप्रिंटरच्या जमान्यातल्या २० मिलिअँपिअरच्या करंट लूपवर. पूर्वीच्या मालकाने ठिपका खाली ठेवला असेल, तर आजच्या केबलला ते पोर्ट मृतच वाटणार. पेशवेकालीन पत्रातला शुहूर सन हिजरी समजून वाचला तर तारीख चुकते. म्हणून पत्र बनावट ठरत नाही. इथेही तसेच आहे.

तेव्हा आधी परीक्षा, मग निवाडा. मागच्या २५ खिळ्यांच्या जोडणीत २ आणि ३ क्रमांकाच्या पिना तारेने जोडा. (काही प्रोग्राम हटवादी असतात, त्यांच्यासाठी ४-५ आणि ६-२० याही जोड्या जुळवाव्या लागतात.) टर्मिनल प्रोग्राममध्ये लोकल एको बंद करून एक अक्षर टंका. ते परत आले, तर दोष बाहेर आहे : केबलमध्ये किंवा वेगाच्या जुळणीत. परत न आल्यास वीज बंद करून शंट पाहा. तो योग्य असेल, तर यंत्र चालू करून मीटरने ७ च्या तुलनेत २ क्रमांकाची पिन मोजा. पोर्ट स्वस्थ असताना तिथे ठळक उणे व्होल्टेज हवे. शून्य दिसले, तर वीजपुरवठ्याची उणे १२ ची वाट तपासा. ती शाबूत असूनही पिन गप्प असेल, तर संशय लाइन ड्रायव्हर चिपवर. वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखी ती बाहेरच्या तारेवरचे सगळे धक्के सोसते. ८२५० वर आळ घ्यायचा तो सर्वांत शेवटी.

आणि ठिपका फिरवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या. हे कार्ड एकेकाळी कोणत्या जातीच्या यंत्राशी बोलायला सज्ज होते, याचा दुसरा पुरावा बहुधा उरलेला नसतो.