जुन्या स्पीकरपेट्यांना उजाळा

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे घरातल्या बाईची परीक्षाच. रंगारी दाराशी येतो आणि माळ्यावरचे सामान भराभर खाली येऊ लागते. मुलीची जुनी तीनचाकी, तांब्याचा बंब, फुटक्या कुंड्या आणि शेवटी चादरीत गुंडाळलेले काहीतरी जड. दोन वर्षांपूर्वी आमच्या इंदूरच्या घरी हेच चालले होते. चादर सोडली तर आत बाबांच्या स्पीकरपेट्या!

बाबा म्हणजे माझे सासरे. १९७८ साली बोनसच्या पैशांतून त्यांनी स्पीकर आणले आणि ओळखीच्या सुताराकडून त्यांना पेट्या करवून घेतल्या. दीड हात उंच, बाहेरून सागवानी, पुढे तपकिरी जाळीचे कापड. देवास आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. कुमार गंधर्वांचे गाणे तिथे जाऊन ऐकावे आणि घरी येऊन त्यांचीच रेकॉर्ड या पेट्यांवर लावावी, हे बाबांचे सुख. ते गेल्यावर पेट्या माळ्यावर गेल्या त्या गेल्याच.

भंगारवाल्याने एक पेटी उचलून पाहिली. “लकडी का क्या मिलेगा, दीदी? चुंबक के पैसे ले लो,” तो म्हणाला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. काही न बोलता आत निघून गेल्या. त्या अशा न बोलता आत जातात तेव्हा काहीतरी चुकलेले असते, हे इतक्या वर्षांत मला कळले आहे. भंगारवाल्याला वर्तमानपत्रांची रद्दी दिली आणि पेट्या ठेवून घेतल्या.

मग मला उत्साह चढला. पहिल्या पेटीवर कपाच्या बुडाएवढे पांढरे कडे उमटले होते. ते डोळ्यांना खुपत होते. हार्डवेअरच्या दुकानातून खरखरीत पॉलिश पेपर आणला आणि घासायला बसले. दहा मिनिटांत कडे गेले. अकराव्या मिनिटाला सागाचा रंगही गेला आणि खालून फिकट प्लायवुड डोकावले. तळहाताएवढा डाग!

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्या डागावर बोट फिरवून एवढेच म्हणाल्या, “इथं ह्यांचा कप असायचा.”

रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या दिवशी पॉलिश पेपर बाजूला ठेवला आणि आधी शिकायचे, मग हात लावायचा, असे ठरवले. एका जुन्या पॉलिशवाल्याला विचारून, थोडे वाचून आणि बरेचसे करून जे कळले, ते इथे सांगते. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल.

पेटी कशाची आहे?

अखंड सागाची पेटी फार कमी ठिकाणी सापडते. बहुतेक पेट्या प्लायवुडच्या किंवा लाकडाच्या भुश्शापासून केलेल्या पार्टिकल बोर्डच्या असतात आणि त्यावर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. सुतार त्याला व्हिनियर म्हणतात. हा पापुद्रा जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा. माझ्या पॉलिश पेपरने दहा मिनिटांत खाल्ला तो हाच. स्पीकर काढल्यावर गोल भोकाची कड नीट पाहा. थरावर थर दिसले तर प्लायवुड, बिस्किटासारखे रवाळ दिसले तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्डला पाणी अजिबात चालत नाही. एकदा ओल पिऊन फुगला की तो पुन्हा पूर्ववत बसत नाही. फुगलेला भाग कापून तिथे एम-सीलसारखी लुगदी भरणे एवढाच उपाय उरतो.

स्पीकर बाहेर काढताना

पॉलिशचे काम स्पीकर आत ठेवून करू नका. वायरी सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा. स्पीकरच्या मागे मोठे लोहचुंबक असते. स्क्रू काढताना ते पेचकस ओढून घेते आणि टोक कागदी कोनात घुसते. म्हणून एक तळहात कोनाच्या आड धरा. बाहेर काढलेले स्पीकर प्लास्टिकच्या परडीखाली झाकून दुसऱ्या खोलीत ठेवा.

याच चुंबकामुळे आणखी एक पथ्य पाळावे लागते. लाकूड घासायला लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका. त्याचा कीस चुंबकाच्या फटीत शिरला की स्पीकर कायमचा खरखरतो.

पेटीत कापूस किंवा काचेच्या लोकरीसारखे काही भरलेले असेल तर ते कचरा समजून फेकू नका. आतला आवाज शोषून घेण्यासाठी ते असते. काचेची लोकर हाताला चावते आणि तिचे तंतू श्वासातून आत जातात. हातमोजे घाला, नाकातोंडाला मास्क लावा.

स्पीकरच्या कोनाभोवतीची स्पंजची कडा हाताला पिठासारखी लागत असेल, तर ते काम घरी न करता कारागिराकडे द्यावे. कडा नवी बसते, जुना कोन वाचतो.

आधी पुसा, मग ठरवा

निम्म्या पेट्यांना पॉलिशची नव्हे, आंघोळीची गरज असते! आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा. मग कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. जुने मेण आणि तेलकटपणा टर्पेन्टाइनच्या बोळ्याने निघतो. एवढ्यानेच आमच्या दुसऱ्या पेटीचा रंग असा उघडला की मुलगी म्हणाली, “आई, ही पेटी खरंच या रंगाची होती?”

आता जुने पॉलिश कोणते, ते पाहा. पेटीच्या तळाला, जिथे कोणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवा. जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने मऊ पडले तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर नवीन पद्धतीचे कडक पॉलिश आहे असे समजा. त्याच्या वाटेला जाऊ नका, नुसते स्वच्छ करा.

लाखेच्या पॉलिशची मोठी सोय अशी की ते खरवडावे लागत नाही. जुनी लाख नव्या स्पिरिटात पुन्हा विरघळते आणि नवा हात जुन्यात मिसळून जातो. गरम कपाचे पांढरे कडे म्हणजे लाखेत अडकलेली वाफ. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा वरून हलकेच, न थांबता फिरवला की बहुधा ते जाते. मला हे आधी माहीत असते, तर!

लाखेची गंमत

ही लाख येते कुठून? पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर इवलेसे किडे वस्ती करतात, रस पितात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ती लाख. झारखंड आणि छत्तीसगडची जंगले तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ सालीच संस्था स्थापन झाली. गंमत म्हणजे आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या, पडली की फुटणाऱ्या रेकॉर्डही लाखेत दगडाची पूड मिसळून करत. १९४८ साली विनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड आली आणि मग लाखेची रेकॉर्ड मागे पडली. थोडक्यात, ज्या लाखेतून गाणे उमटत होते, तीच गाण्याच्या पेटीवर चढली!

लहानसहान दुरुस्त्या

पापुद्रा फुगून फोड आला असेल तर धारदार ब्लेडने लाकडाच्या रेषेच्या दिशेने बारीक चीर द्या. इंजेक्शनच्या सिरिंजने आत फेव्हिकॉल सोडा, बाहेर आलेला पुसून घ्या. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी आणि फळीवर जाडजूड ग्रंथ रात्रभर ठेवा. स्क्रूचे भोक सैल झाले असेल तर गूल तोडलेल्या आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात बसवा. वाळल्यावर स्क्रू पुन्हा घट्ट बसतो.

दुसऱ्या पेटीवर उदबत्तीचा काळा चटका होता. या वेळी मी शहाणी झाले होते. आधी सासूबाईंना बोलावले.

“हा राहू द्यायचा का?”

“छे, काढ तो! माझ्याच हातून पडली होती उदबत्ती. हे महिनाभर ऐकवत होते मला.”

आम्ही दोघी हसलो. बाबा गेल्यापासून त्यांच्याविषयी बोलताना सासूबाई हसल्याचे मला आठवत नव्हते. बोथट पात्याने जळका भाग खरवडला. चिमूटभर गेरू घालून वितळवलेली कोरडी लाख गरम सुरीने त्या खळग्यात भरली आणि गार झाल्यावर सपाट केली. लक्षात ठेवा, वितळवायची ती कोरडी लाख. स्पिरिट मिसळलेली लाख विस्तवाजवळही नेऊ नका.

पॉलिशचे हात

काचेच्या बरणीत अर्धा लिटर स्पिरिट आणि साधारण ७५ ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजत घाला. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो. सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. लागेल तेवढेच करा, महिनोन्महिने ठेवलेले पॉलिश नीट वाळत नाही, चिकट राहते.

कापसाचा बोळा जुन्या मलमलीत बांधा. पॉलिश वरून नव्हे, आतल्या कापसावर ओता आणि बोळा कागदावर दाबून जादा पॉलिश काढून टाका. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता हात फिरवा. थांबलात की तिथे बोळा चिकटलाच! बोळा ओढ खाऊ लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरे. एका दिवसात तीन-चार पातळ हात द्या. दुसऱ्या दिवशी ४०० नंबरचा पेपर नुसता कुरवाळल्यासारखा फिरवून पुन्हा तेवढेच हात. आठ-दहा हातांत पेटी बोलू लागते. जाड हात देऊन वेळ वाचवायला जाल तर ओघळ पुसण्यात दुप्पट वेळ जाईल.

हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लाख दुधाळ होते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस, निरांजन काही पेटते नको आणि स्पिरिट मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा, ते विषारी असते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

पुन्हा जोडताना

स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळाली तर खर्जाचे सूर पुसले जातात. पेटी असते ती या दोघींना वेगळे ठेवायला. तंबोऱ्याचा भोपळा घुमला पाहिजे, स्पीकरच्या पेटीने मात्र स्वतः घुमायचे नसते. म्हणून सांधे घट्ट हवेत आणि स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी हवी. मात्र पेटीला नळीसारखे भोक असेल तर ते मुद्दाम ठेवलेले असते, बुजवू नका.

वायरींची चिठ्ठी हरवली तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन पुढे सरकला तर सेलचे अधिक टोक जिथे आहे ती स्पीकरचीही अधिक बाजू. दोन पेट्यांत एकीची वायर उलटी लागली तर खर्ज हरवतो आणि आपण उगाच पेटीला दोष देतो. पुढचे कापड बदलायचे झाल्यास तोंडाशी धरून फुंकर मारा. फुंकर सहज पार गेली तरच ते कापड चालेल. पडद्याचे जाड कापड दिसायला छान, पण आवाज कोंडते.

आमच्या पहिल्या पेटीवरच्या त्या डागाला रंग देऊन, वर लाख चढवून त्यातल्या त्यात सागाशी जुळवले आहे. उजेडात पाहिले की कळतोच. अॅम्प्लिफायर कारागिराने सुरू करून दिला, मुलीने त्याला तिचा फोन वायरने जोडला आणि कुमारजींचा आवाज पुन्हा त्या खोलीत आला. सासूबाई बाबांच्या खुर्चीत नव्हे, शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्यांची जागा तीच होती.

परवा गाणे ऐकता ऐकता ह्यांनी चहाचा गरम कप पेटीवर ठेवला, नेमका त्या डागावर. मी ओरडणार होते. सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केले. कप उचलला तेव्हा नव्या लाखेवर पांढरे कडे उमटले होते.

ते कसे काढायचे, हे आता मला माहीत आहे. काढले मात्र नाही.