निदानाला घाबरायचं की शेऱ्यांना?

‘एकदा शिक्का बसला की पुसला जात नाही.’ शाळेतून सतत तक्रारी येणाऱ्या मुलाला बालमानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, असं कुणी सुचवलं की घरातून बहुधा हेच उत्तर येतं. त्याला अडाणीपणा म्हणणं आई-वडिलांवर अन्यायाचं आहे. शाळेला कळलं तर दाखला हातात ठेवतील, नातेवाइकांना कळलं तर बहिणीच्या लग्नात विषय निघेल, मुलगाच ‘मी असाच’ म्हणत हातपाय गाळेल. ही भीती त्यांनी आजूबाजूला पाहिलेल्या अनुभवांतून आलेली असते.

पण निदान टाळलं की मूल कोऱ्या पाटीनं वर्गात बसतं, हे गृहीतच खोटं आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या मुलाला डॉक्टरांकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी ‘वांड’, ‘आगाऊ’, ‘बेशिस्त’ ही विशेषणं चिकटलेली असतात. डायरीत लाल शाईचे शेरे असतात, वाढदिवसाची बोलावणी थांबलेली असतात आणि आईच्या वाट्याला ‘लाडावून ठेवलाय’ आलेलं असतं. हे शेरे कुणी तपासून मारत नाही, मागेही घेत नाही. निदानाला मात्र अटी आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 मधल्या डीएसएम-5 नुसार लक्षणं किमान 6 महिने टिकलेली हवीत, त्यांतली काही वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली हवीत, आणि ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळायला हवीत. एकाच बाईंच्या तासाला दंगा करणारं मूल त्यात बसत नाही.

‘त्याचा बापही लहानपणी असाच होता, काही बिघडलं का?’ हा आजीचा मुद्दा निदानाच्या विरोधात मांडला जातो. खरं तर तो निदानाच्या बाजूनं जातो. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीमधला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 74 टक्के असल्याचं दिसलं आहे. आणि काही बिघडलं की नाही, हे त्या बापालाच विचारायला हवं. वयाबरोबर अनेकांची धावपळ कमी होते, पण लक्ष न टिकण्याची अडचण बऱ्याच जणांना मोठेपणीही उरते.

कारण कळलं नाही की दोष आईवर येतो, याला इतिहास साक्षी आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतर अमेरिकेत दोन दशकांहून अधिक काळ आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे शास्त्र म्हणून खपवलं गेलं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकातही तेच रेटलं. त्याला आधीच, 1964 मध्ये, पुराव्यानिशी आव्हान दिलं होतं ते बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. पुढच्याच वर्षी त्यांनी पालकांची संघटना उभी केली. निदान त्या पालकांना नकोसं नव्हतं. त्यांचा लढा होता निदानाला जोडलेल्या आरोपाशी.

निदानाविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद वेगळाच आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाच्या वयाची सीमा 31 डिसेंबर, म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत लहान. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत अशा मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता 30 टक्के, तर मुलींना 70 टक्के जास्त निघाली. निव्वळ लहान वयाला आजार म्हटलं जाण्याचा हा धोका खरा आहे. आपल्याकडेही एकाच वर्गात जवळपास वर्षाच्या अंतराची मुलं शेजारी बसतात. म्हणून जन्मतारीख, ऐकू येणं, झोप, घरातली मारहाण यांची चौकशी न करता दहा मिनिटांत नाव लिहून देणाऱ्याकडून पालकांनी उठून दुसरीकडे जावं. घाईच्या निदानावर उपाय काळजीपूर्वक निदान हा आहे.

‘लेबल घेतलं की पालक हात झटकतात’ हा आरोप तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय गोळी हा नसून आई-वडिलांचं प्रशिक्षण आहे. म्हणजे निदानानंतर पालकांचं काम वाढतं. सवलतींच्या मोहानं निदान घेतात, या आरोपाचंही तसंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही.

निदानाच्या कागदानं पालकांना मिळतो तो सुटकेचा श्वास: आपण वाईट आई-बाप नाही. त्याच संध्याकाळी रडूही येतं, कारण मनात रंगवलेलं मूल हातातून सुटत असतं. या दोन्ही भावना एकाच घरात, एकाच माणसात नांदतात. ‘आता तरी स्वीकारा’ म्हणून कुणी त्यांना घाई करू नये.

शाळेच्या धाकाला मात्र उत्तर आहे. शिक्षण हक्क कायद्याचं 16 वं कलम आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढायला मनाई करतं; 17 वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना. पूर्ण अहवाल वर्गशिक्षिकेच्या हाती द्यायलाच हवा असंही नाही. मुलाला पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, मधूनमधून पाणी भरून आणायला वर्गाबाहेर पाठवा, एवढं डॉक्टरांच्या सहीनिशी लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र पुष्कळदा पुरतं. ते मागायला पालकांनी संकोच करू नये.