अभद्र बोलू नये!

दिवाळी अंकात अपघाताचा विषय काढला, की वडीलधारी मंडळी म्हणणार, “गुरुजी, सणासुदीला अभद्र बोलू नये!” क्षमा असावी, पण हे न बोलणेच मला अभद्र वाटते.

आम्ही पालघर-बोईसरकर राहतो कुठे? तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. बोईसरला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. तिथल्या स्फोटांत माणसे मेली आहेत. उत्तरेकडे डहाणू-तलासरीची जमीन २०१८ च्या नोव्हेंबरपासून हादरू लागली. आणि आमची तयारी? ‘सरकार पाहून घेईल!’

सरकारने पाहिलेच पाहिजे. पण सरकारी गाडी पोहोचेपर्यंत हाताशी असतो तो शेजारीच. त्याला काही ठाऊक नसेल, तर तोही बिचारा नुसता धावणार.

भोपाळ आठवा. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री विषारी वायू शहरात पसरला. लोक जीव घेऊन पळाले. धाप लागली तसा वायू अधिकच छातीत गेला. हजारो रुग्ण दवाखान्यांत आले. पण वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे डॉक्टरांना कोणी धड सांगितले नव्हते. औषधाआधी कमी पडली ती माहिती!

म्हणून तर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कारखान्यातले धोके आणि त्यांवरचे उपाय आसपासच्या वस्तीला कळवणे मालकांना बंधनकारक झाले. वाचकहो, तुमच्या आळीत ते कोणी कळवले? नसेल, तर तुम्ही जाऊन विचारलेत का?

आणि आपले काम? प्रत्येक आळीची, पाड्याची, चाळीची एक वही हवी. अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस गेलेली कोण, इन्सुलिन कोणाला लागते, कोणाला कोणी उचलायचे, रिक्षा कोणाची, परिचारिका कोण. वायू सुटला तर दारेखिडक्या बंद करून आत थांबायचे, हे पोरासोरांनाही पाठ हवे. वाहते रक्त थांबवायला चार जणांनी तरी शिकावे. भाड्याच्या खोल्यांतले परप्रांतीय कामगार त्या वहीत नसतील, तर ती वही नव्हे, पंगतीतला पक्षपात होय.

‘एवढी कटकट कोण करणार?’ अहो, फराळाच्या सामानाची यादी महिनाभर आधी करता ना? आता फराळाची ताटे घरोघर फिरतील, प्रत्येक दार उघडेल. त्याच पावली वही न्या. यापरते शुभ बोलणे मला येत नाही.