दुधनीतले दुधाचे दात

परवा शनिवारी दुधनीला घरी पोचलो, तर दारात बाबांची एकच चप्पल. दुसरीचा अंगठा बंड्याच्या तोंडात. बाबांनी तिथल्या तिथे निकाल लावला, "चावरं निघालं हे. पुढच्या रविवारी शेतात नेऊन बांध की ह्याला!"

बंड्या म्हणजे आमचं पॉमेरेनियन. वय साडेपाच महिने, वजन माझ्या लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा कमी. आजवर तीन चपला, एक चार्जर (नशीब, प्लगमध्ये नव्हता!) आणि आजीच्या लुगड्याचा काठ त्याच्या नावावर जमा आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो, पिल्लू चावरं नाहीये, त्याला दात येतायत. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत पक्के ४२ येतात. तेवढे दिवस हिरड्या ठणकतात. आपली एक अक्कलदाढ आली की आपण सिक लीव्ह टाकतो राव, आणि ह्याला चपलेचा मार? मारून पिल्लू एवढंच शिकतं की माणसाचा हात आला की पळायचं. त्यापेक्षा चावलं की खेळ थांबवायचा, उठून जायचं आणि चावायला दुसरं काहीतरी द्यायचं.

ते काय, ते आईला बरोबर कळलंय. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये (लाइट असेल तर), नाहीतर गार गाजर, कोणीतरी समोर बसून. कडक भाकरीचा तुकडाही चालतो, पण नुसता. शेंगाचटणी लावून नाही, तिच्यात लसूण असतो आणि तो कुत्र्याला बाधतो. हाडं बंद, कारण नखाने दाबून खळगा पडत नाही अशा वस्तूने दात तुटतो. आजी त्याच्याशी कानडीत बोलते आणि लाड करते, पण तिची 'पाव गोळी' मात्र मी काढून घेतली. माणसांची दुखण्यावरची गोळी एवढ्याशा जिवाला मारूसुद्धा शकते.

खरी गोची वेगळीच निघाली. रविवारी टॉर्च लावून तोंड बघितलं तर वरचे सुळे दोन-दोन! पक्के आलेत आणि दुधाचे हलायलाही तयार नाहीत. छोट्या जातींत हे फार होतं. मध्ये अन्न अडकतं, किटण चढतं, पक्का दात वाकडा होतो. घरी ओढायचं तर मूळ लांब असतं, आत तुटतं. पिल्लू विकणाऱ्याने खाण्याची भलीमोठी यादी दिली होती, तोंडात बघा म्हणून एका शब्दाने सांगितलं नाही. एवढी खेळण्यासारखी कुत्री विकता, तर हे सांगायला नको?

गावातले डॉक्टर गाई-म्हशींचे. म्हणून सोलापूरच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. म्हणाले, घेऊन या, बहुतेक भूल देऊन काढावे लागतील.

बाबा ऐकत होते, बोलले काहीच नाहीत. रात्री पाणी प्यायला उठलो तर घरातल्या सगळ्या चपला कपाटावर चढवलेल्या. आणि सकाळी निघताना म्हणाले, "शनिवारी किती वाजता न्यायचं रे त्याला? मी पण येतो."