दुभाषा घरचा नको

डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन एखादी स्त्री पुन्हा पुन्हा दवाखान्यात येते. तपासण्यांत काही सापडत नाही आणि औषधांनीही गुण येत नाही. अशा दुखण्याचे मूळ कधी कधी घरातल्या छळात असते. लग्न होऊन ब्रिटनमध्ये गेलेल्या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या वाट्याला त्यापुढची अडचण येते. इंग्रजी बोलता येत नसेल, तर डॉक्टरांपुढे तिच्या वतीने नवरा किंवा सासू बोलते. जिथून धोका, तिथूनच भाषांतर! मग खरे दुखणे कागदावर उतरणार कसे?

तिच्यासाठी बाकीची दारे आधीच बंद असतात. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात असतो. जोडीदाराच्या व्हिसावर सहसा सरकारी आर्थिक साहाय्य मिळत नाही. 'तक्रार केलीस तर परत पाठवतील' ही धमकी असतेच. समाजात नाचक्की होईल, ही भीती वेगळी. उरते ते डॉक्टरांचे दार. तिथे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला व्हिसाची अट नाही आणि तपासणीचे पैसेही पडत नाहीत.

या दारात नीट विचारपूस झाली तर काय होते? ब्रिस्टल आणि लंडनच्या हॅकनी भागातील दवाखान्यांत याचा अभ्यास झाला; तो २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २४ दवाखान्यांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना छळाची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले आणि मदतीसाठी हक्काची कार्यकर्ती जोडून दिली गेली. वर्षभरात तिथून २२३ वेळा रुग्णांना मदतीसाठी पाठवल्याची नोंद झाली. प्रशिक्षण न मिळालेल्या २४ दवाखान्यांत हा आकडा होता १२. छळ दोन्हीकडे होताच. फरक होता तो विचारण्याचा.

म्हणून आग्रह साधा आहे. स्त्रीला काही मिनिटे तरी एकटीला भेटावे. दुभाषा बाहेरचा, व्यावसायिक असावा, फोनवरचाही चालेल. मात्र तो नात्यातला किंवा तिच्या ओळखीतला नसावा, मुलांना तर या कामी कधीच बसवू नये. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत दुभाषा विनामूल्य मिळतो. गरज आहे ती दवाखान्याने तो न चुकता बोलावण्याची. तिने तोंड उघडले, की पुढचा पत्ताही हाताशी हवा. 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' ही संघटना १९७९ पासून अशा स्त्रियांसाठी काम करते. जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या पीडितेला तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी आणि त्या काळात सरकारी साहाय्य मागता येते. मात्र या अर्जाने तिच्या व्हिसाची स्थिती बदलते, म्हणून आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आपल्याकडच्या मुलीही लग्न करून तिकडे जातात. पाठवणीच्या वेळी दागिन्यांची यादी करणाऱ्या आईवडिलांनी तिला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात: पासपोर्ट स्वतःजवळ ठेव आणि डॉक्टरांकडे स्वतःच्या तोंडाने बोल. भाषा येत नसेल, तर दुभाषा मागणे हा तुझा हक्क आहे.