खांदेरीची तटबंदी जागतिक वारसा झाली. वेताळाच्या वाटेचे काय?

भिवंडी, खास प्रतिनिधी – यंत्रमागांची धडधड आणि कापडाच्या गाठींनी लादलेल्या टेम्पोंची रांग यांत अडकलेल्या धामणकर नाक्यावर उभे राहून कोणी मराठ्यांच्या आरमाराची चौकशी केली, तर त्याला वेड्यात काढले जाण्याचीच शक्यता अधिक. तथापि त्या आरमाराची सुरुवात याच परिसरात झाली. १६५७ च्या ऑक्टोबर महिन्यात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून जिंकून घेतली. त्यानंतर दोनएक वर्षांतच येथील खाड्यांत जहाजबांधणी सुरू झाली आणि पोर्तुगीज कारागीरही त्या कामावर होते. खाडीत बांधलेल्या या आरमाराची खरी कसोटी पुढे वीस वर्षांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर लागली.

हे बेट पुन्हा चर्चेत येण्याचे कारण म्हणजे ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील बैठकीत युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत दिलेले स्थान. त्यांत अकरा किल्ले महाराष्ट्रातील, तर जिंजी हा तामिळनाडूतील. सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे त्यातील समुद्रवेढे किल्ले. खांदेरीचे नाव नौदलाने यापूर्वीच उचलले असून त्या नावाची दुसरी पाणबुडी २०१९ मध्ये ताफ्यात दाखल झाली. सरकारदरबारी या बेटाचा मान वाढला आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो ज्यांचे हे बेट पिढ्यान्‌पिढ्यांचे, त्यांच्या वाट्याला यातील काय येणार हा.

मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांसमोर असलेल्या या बेटावर तटबंदी उभारण्याचा एक प्रयत्न १६७२ मध्ये फसला होता. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला व काम सुरू झाले. इंग्रजांनी नाकेबंदी केली. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी आरमार चालून आले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने प्रतिकार केला खरा, पण ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या जोरावर मराठ्यांच्या लहान होड्या बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. शिडांच्या अवजड जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी तह करून माघार घेतली.

या हकिकतीत सेनापतींची नावे राहिली. होड्या हाकणाऱ्यांची राहिली नाहीत. खडक कोठे, भरती केव्हा, वारा कधी फिरतो हे ज्ञान किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांचे होते आणि त्यावाचून ही लढाई जिंकणे अशक्य होते. (सरसेनानी मुसलमान आणि बेटावरचा कारभारी भंडारी होता, हेही भिवंडीकरांनी ध्यानात ठेवावे असे आहे.)

त्याच कोळ्यांचा वेताळ आज बेटावर आहे. भला थोरला पाषाण हेच दैवताचे रूप. हा पाषाण दरवर्षी वाढतो, अशी कोळी समाजाची श्रद्धा. शिमग्याच्या सुमारास रायगडच्या किनाऱ्यावरून आणि मुंबईच्या कोळीवाड्यांतून होड्या दर्शनाला येतात. पर्यटक येतो तो चाकांच्या गाड्यांवरील दुर्मीळ तोफा आणि १८६७ चे दीपगृह पाहायला. वेताळापाशी तो छायाचित्रापुरता थांबतो. बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, ते उचितच. कोळ्यांच्या तोंडी मात्र आजही खांदेरीच आहे.

किल्ला राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली, दीपगृह केंद्राच्या खात्याकडे, तर मुंबई बंदराने या बेटावर पर्यटनविकासाचे मनसुबे यापूर्वीच मांडलेले. इतकी खाती एकत्र आली की आराखड्यात धक्का, उपाहारगृह, तिकीटखिडकी या गोष्टी आपोआप येतात. यात्रेच्या दिवशी होड्यांना धक्का मोकळा असेल काय, कोळ्यांना स्वतःच्या दैवताकडे जाण्यासाठी तिकीट काढावे लागेल काय, पर्यटकांची ने-आण थळच्या मच्छीमारांकडे राहील की ठेकेदाराच्या वेगवान बोटींकडे जाईल, हे मुद्दे आराखडा कागदावर असतानाच निकाली निघायला हवेत. धक्का बांधून झाल्यावर त्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील रॉटनेस्ट बेटाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. मूळ रहिवासी नूंगार त्यास वाजेमप म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथे बसवलेल्या तोफा आज पर्यटक आवडीने पाहतात. त्याच बेटावर १८३८ पासून सुमारे चार हजार आदिवासी पुरुष व मुले कैदेत ठेवली गेली व त्यांतील ३७० हून अधिक तेथेच मरण पावली. त्या तुरुंगाच्या इमारतीत पुढे पर्यटकांच्या निवासाच्या खोल्या झाल्या आणि त्या २०१८ मध्ये बंद झाल्या. दफनभूमीवर तर २००७ पर्यंत तंबू ठोकले जात. खांदेरीचा इतिहास असा रक्तरंजित नाही, हे खरे. पण पर्यटनाची व्यवस्था आधी आणि मूळ माणसांची विचारपूस नंतर, हा क्रम तेथे सुधारायला कित्येक दशके गेली.

भिवंडीहून निघणाऱ्यास ठाणे, पनवेल, पेणमार्गे अलिबाग व पुढे थळ असा शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. थळच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या होडीने बेटावर जाणे, हा रुळलेला मार्ग. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असतो. तटावर उभे राहिल्यास समोरच उंदेरी दिसते. १६८० मध्ये सिद्दीने मराठ्यांना शह देण्यासाठी ती बळकावून तटबंदी केली. त्याच युद्धाची ही दुसरी बाजू युनेस्कोच्या यादीत नाही. भरतीची वेळ साधली तर होडीवाला तीही दाखवतो.